वारसा पुरात जातो, त्याआधी तो मिठाने झडत असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदलाबद्दल तुमच्या पेपरात सतत काही ना काही येत असतं, उष्णतेची लाट, अवकाळी, पूर, समुद्राची वाढती पातळी, आणि ते यायलाच हवं. पण जुन्या वास्तू, गुहाचित्रं, हस्तलिखितं, यात्रा-उत्सव यांचं या सगळ्यात काय होतंय हे वाचायला मिळतं ते फक्त काहीतरी पडल्यावर नाहीतर वाहून गेल्यावर. फोटो येतो, हळहळ होते, दोन दिवसांनी विषय मागे पडतो. मी जुन्या कागदांच्या संवर्धनाचं काम करते, आणि मला एक गोष्ट ठामपणे सांगायचीय. बहुतेक वारसा एका मोठ्या संकटात जात नाही, तो रोज थोडा थोडा जातो, ओलीने, क्षारांनी, बुरशीने, आणि त्यावरचा उपायही रोजचाच असतो, कंटाळवाणा आणि कोणाच्या नजरेत न भरणारा. त्या रोजच्या कामाला पैसा आणि माणसं मिळत नाहीत, पडल्यावर मात्र दोन्ही मिळतात. हा क्रम बदला एवढंच माझं म्हणणं आहे, पण ते नीट सांगायला थोडी जागा लागेल.

आधी मिठाचं सांगते कारण ते सगळ्यात कमी बोललं जातं. जुन्या विटेच्या किंवा दगडाच्या भिंतीला खालच्या बाजूला पांढरी भुकटी आलेली पुष्कळांनी पाहिली असेल, बोट लावलं तर बोटाला लागते आणि तिच्यासोबत विटेचे बारीक कणही येतात. होतं काय, जमिनीतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, त्यात क्षार विरघळलेले असतात, हवा कोरडी झाली की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक बनतात आणि ते वाढताना छिद्राला आतून रेटतात. हवा दमट झाली की परत विरघळतात, कोरडी पडली की परत स्फटिक. एका फेऱ्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण असे फेरे होत राहिले की पापुद्रा सुटतो, आणि त्या पापुद्र्यावर चित्र असेल तर चित्र गेलं. आता पाऊस एकदम कोसळतो मग बराच काळ कडक कोरडं, असं जिथे जिथे वाढतंय तिथे हे फेरेही वाढतायत, म्हणजे भिंतीचं म्हातारपण लवकर येतंय असं समजा.

इंडोनेशियात सुलावेसी बेटावर मारोस-पांगकेप भागातल्या गुहांमध्ये माणसाने काढलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी काही चित्रं आहेत, तिथलं एक रानडुकराचं चित्र किमान ४५,५०० वर्षांपूर्वीचं आहे, आणि २०२४ मध्ये तर त्याहून जुन्या, किमान ५१,२०० वर्षांच्या चित्राची माहिती प्रसिद्ध झाली. याच गुहांमधून सुटलेले दगडाचे पापुद्रे संशोधकांनी तपासले, २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यात जिप्सम आणि साधं मीठ असे क्षार सापडले. मोठा पाऊस आणि मोठा दुष्काळ यांचा खेळ वाढला की क्षार जास्त बनतात असं त्यांचं म्हणणं आहे. विचार करा, इतकी हजार वर्षं टिकलेली गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत पापुद्र्या-पापुद्र्याने गळतेय, आणि हे बातमीत येणार कसं, कारण तिथे पूर नाही आला, आग नाही लागली, एक दिवस असं काहीच घडलं नाही.

मोहेंजोदडोचं नाव मात्र २०२२ मध्ये सगळीकडे आलं. त्या ऑगस्टमध्ये सिंधमध्ये नेहमीच्या कितीतरी पट पाऊस झाला आणि तिथल्या काही भिंतींची पडझड झाली. ते खरंच भयंकर होतं. पण मोहेंजोदडोचं जुनं दुखणं क्षारांचंच आहे, जमिनीखालचं खारं पाणी विटांमध्ये चढतं आणि विटा भुगा होतात, हे कित्येक दशकं माहीत आहे, त्यावर मातीचा लेप देणं, पाण्याला वाट काढून देणं, विटा बदलणं अशी कामं लागतात आणि ती कायम करत राहावी लागतात. आधीच पोखरलेल्या भिंतीवर असा पाऊस पडला की ती जाणारच. म्हणून सगळं खापर हवामानावर फोडणंही मला पटत नाही. हवामान बदल बहुतेक वेळा जुन्या दुर्लक्षाच्या खांद्यावर बसून येतो. आणि हे एका अर्थाने बरंच आहे, कारण हवामान आपल्या एकट्याच्या हातात नाही पण दुर्लक्ष थांबवणं आहे.

आपल्याला वाटतं की पाऊस-पूर नसलेल्या कोरड्या जागी तरी सगळं सुरक्षित असेल. तर चिलीमधल्या चिंचोरो ममींचं बघा. त्या इजिप्तच्या ममींपेक्षाही जुन्या, साधारण ७,००० वर्षांपूर्वीपासूनच्या, जगातल्या सगळ्यात कोरड्या वाळवंटात जपलेल्या. आरिका शहरातल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवलेल्या काही ममींची कातडी काळी पडून चिकट व्हायला लागली. तपासलं तेव्हा कळलं की हवेतली आर्द्रता वाढली की कातडीवरचे साधेच जिवाणू जोर धरतात आणि तीच कातडी खायला लागतात. ज्या आहेत त्या कपाटात ठेवून आर्द्रता सांभाळता येईल, पण अजून वाळूत पुरलेल्या आहेत त्यांचं काय करणार? उत्तरेकडच्या बर्फातही तीच तऱ्हा. नॉर्वेच्या डोंगरांतला बर्फ वितळतोय तसे त्यातून जुने बाण, कपडे, घोड्यांचे नाल बाहेर येतायत आणि तिथले पुरातत्त्वज्ञ दर उन्हाळ्यात धावतपळत ते गोळा करतायत, कारण एकदा उघड्यावर आलेलं लोकर-लाकूड फार दिवस टिकत नाही. लोकांना त्या सापडलेल्या वस्तूंचं कौतुक वाटतं, मलाही वाटतं, पण जे कोणी पोहोचायच्या आत कुजून गेलं त्याची तर नोंदही नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवणारी जागा वाटते ती पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातली जेने गावची मोठी मशीद. पूर्ण मातीची, आत्ताची इमारत १९०७ ची. मातीची इमारत म्हणजे दर पावसात थोडी धुपणार हे उघडच आहे, आणि तिथल्या लोकांनी ते गृहीतच धरलंय. दर वर्षी गाव एकत्र जमतं, चिखल आधीपासून भिजवून मुरवून ठेवलेला असतो, त्यात भाताचा कोंडा मिसळलेला असतो, भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी खुंट्यांवर चढून पोरं हाताने लेप देतात, बायका पाणी आणतात, आणि सगळ्यावर देखरेख असते ती पिढीजात गवंड्यांची. त्या खुंट्या म्हणजे कायमची परांचीच, इमारत बांधतानाच दुरुस्तीची सोय केलेली. इथे देखभाल हाच उत्सव आहे, आणि ती देखभाल बंद पडली तर भिंत तर जाईलच पण ते गवंडीकामही जाईल. मला विचाराल तर वारसा जपायचा म्हणजे आधी अशी माणसं जपायची. पण चांगला चिखल मिळायला नदीचा पूर वेळेवर यावा लागतो, कोंडा मिळायला भात पिकावा लागतो, म्हणजे पाऊसपाणी बिघडलं तर इतकी शहाणी व्यवस्थासुद्धा अडचणीत येते. पेरूमधलं चान चान हे मातीचंच शहर, तिथे असं जपणारं गाव आता राहिलेलं नाही, एल निन्योच्या वर्षी पाऊस कोसळतो तेव्हा पत्र्याची छपरं उभारून ताशीव भिंती झाकाव्या लागतात. १९८६ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही गेलं.

आणि फक्त दगड-मातीच नाही. पेरूमध्येच कुस्कोजवळ कोय्युर रिती नावाची मोठी यात्रा भरते, हजारो लोक उंच डोंगरात जातात, त्यात अस्वलासारखा वेश केलेले उकुकू रात्री हिमनदीवर चढतात आणि पूर्वी पहाटे पाठीवर बर्फाचे मोठे तुकडे घेऊन खाली येत, ते पवित्र पाणी म्हणून घरोघरी जाई. हिमनदी मागे हटत चालली हे त्यांनी स्वतः बघितलं आणि बर्फ तोडणं थांबवलं. कोणी सरकारी आदेश काढून नाही, त्यांचं त्यांनी. यात्रा आहे, नाच आहे, २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीतही नाव लागलं, पण ज्या गोष्टीसाठी चढायचं ती हातात घेऊन उतरता येत नाही. जपानमध्ये सुवा तळं गोठल्यावर बर्फाला लांब भेग पडून कडा उभी राहते, देव तळं ओलांडून देवीला भेटायला गेला त्याची ती वाट असं मानतात, आणि तिथले पुजारी त्याची नोंद १४४३ पासून ठेवत आलेत. अलीकडे तळं नीट गोठणंच दुर्मिळ झालंय आणि वर्षामागून वर्ष नोंदीत तेच लिहिलं जातंय की वाट उमटली नाही. नेदरलँड्समधली अकरा शहरांची स्केटिंगची शर्यत, जवळजवळ २०० किलोमीटरची, शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला, त्यानंतर सगळीकडचे कालवे पुरेसे जाड गोठलेच नाहीत. या गोष्टींना संग्रहालयात ठेवता येत नाही, आणि यांच्यासाठी समुद्रात भिंत बांधूनही उपयोग नाही, इथे कार्बन कमी करण्याशिवाय दुसरा मार्गच नाही हे स्पष्ट बोललं पाहिजे.

आता कोणी म्हणेल, माणसांची घरं वाहून जातायत आणि तुम्हाला जुन्या भिंतींची पडलीय. हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यावर मी चिडत नाही. पण प्रत्यक्षात बऱ्याचदा दोन्हींचा उपाय एकच असतो. टांझानियाच्या किनाऱ्यावर किल्वा किसिवानी नावाचं जुनं बंदर आहे, समुद्र किनारा खात होता म्हणून २००४ मध्ये ते धोक्यातल्या यादीत गेलं. तिथे लाटा अडवणारे बांध घातले, कांदळवन परत लावलं, स्थानिक लोकांना कामात घेतलं, आणि २०१४ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं. कांदळवनाने जुने अवशेष वाचतात तसा किनाऱ्यावरचा माणूसही वाचतो. पाण्याचा निचरा नीट केला तर देवळाचा पाया टिकतो आणि शेजारच्या वस्तीतही पाणी साचत नाही. यात माणूस विरुद्ध वारसा असं काही नाहीये, मुद्दाम तसं उभं केलं तरच.

दुसरं म्हणणं असतं की आता सगळं थ्रीडी स्कॅन करून ठेवू, म्हणजे गेलं तरी हरकत नाही. स्कॅनिंग जरूर करा, मी त्याच्या बाजूचीच आहे, भिंत किती झडली हे मोजायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही आणि उद्या दुरुस्ती करताना आधी काय होतं हे त्यातूनच कळतं. पण ‘गेलं तरी हरकत नाही’ हे त्यातलं वाक्य घातक आहे. समुद्रात बुडायचा धोका असलेल्या तुवालू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशाने २०२२ च्या हवामान परिषदेत जाहीर केलं की आम्ही आमच्या देशाची डिजिटल प्रत करतोय, आणि त्यांच्या मंत्र्याने ते सांगताना मागे दाखवलेलं बेटही डिजिटलच होतं. मी ते बघितलं तेव्हा मला तंत्रज्ञानाचं कौतुक वाटलं नाही, पोटात गोळा आला. ज्यांनी फारसा धूर सोडलाच नाही त्यांच्यावर आपला देश कॉम्प्युटरमध्ये ठेवायची वेळ आली. ती प्रत त्यांनी केली ती जगाने लक्ष द्यावं म्हणून, जमीन सोडून दिली म्हणून नाही.

हलवता येतं का, हेही लोक विचारतात. येतं. इजिप्तमधली अबू सिंबेलची देवळं १९६४ ते १९६८ मध्ये दगड कापून कापून साधारण ६५ मीटर वर नेऊन परत जोडली, धरणाच्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून, आणि त्यासाठी किती देशांनी पैसे दिले. अमेरिकेतला केप हॅटरासचा दीपस्तंभ १९९९ मध्ये अख्खाच्या अख्खा रुळांवरून साधारण ८८० मीटर आत सरकवला. करायचं ठरवलं की होतं. पण किती ठिकाणी करणार? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या २८४ वारसास्थळांचा एक अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात आज ५६ ठिकाणांना मोठ्या सागरी पुराचा धोका आहे आणि उत्सर्जन मध्यम राहिलं तरी २०५० पर्यंत हा आकडा १९१ वर जाईल असं म्हटलंय. भूमध्य समुद्राच्या सखल किनाऱ्यावर ४९ जागतिक वारसास्थळं आहेत, त्यातल्या ३७ ना आत्ताच पुराचा धोका आहे. व्हेनिसने भरतीचं पाणी अडवायला समुद्रात हलते दरवाजे बसवले, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ते पहिल्यांदा वापरात आले, त्याआधी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पाणी १८७ सेंटीमीटरवर गेलं होतं. पण व्हेनिससाठी जितका पैसा उभा राहिला तितका सगळ्यांसाठी राहणार नाही हे उघड आहे. म्हणजे काही गोष्टी जाणार. आणि मग काय जाऊ द्यायचं आणि काय वाचवायचं हे कोण ठरवणार, हा माझ्या मते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी चर्चा होणारा प्रश्न आहे. पर्यटक कुठे जास्त जातात यावर ते ठरता कामा नये. ज्यांचे पूर्वज तिथे पुरलेत, जे तिथे दिवा लावतात, नाव घेतात, त्यांना विचारून, वेळेत विचारून, उघडपणे ठरायला हवं. काही वेळा लोक म्हणतील राहू दे, समुद्राला जाऊ दे, आणि तेही मान्य करायला हवं.

पैशाचं एक. हवामानामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईसाठी २०२२ मध्ये जागतिक निधीचं ठरलं, आणि या चर्चांमध्ये पैशात न मोजता येणारं नुकसान असा वेगळा विचार आहे, त्यात सांस्कृतिक वारसा येतो. कागदावर हे छान आहे. पण पैशात मोजता येत नाही म्हणून त्याला पैसेच नाहीत असं होऊ नये, आणि जो निधी मिळेल त्यातला मोठा हिस्सा रोजच्या देखभालीसाठी बांधून ठेवलेला असावा. गटारं साफ करणं, छपराची गळती बघणं, भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असताना काढणं, आर्द्रतेची नोंद ठेवणं. आणि चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट थापायचं नाही, हे तर ओरडून सांगावंसं वाटतं, कारण सिमेंट ओल आत कोंडतं आणि क्षार मग मूळ विटेतून बाहेर यायला बघतात, वीटच फुटते. चांगल्या हेतूने केलेल्या अशा दुरुस्त्यांनी किती नुकसान केलंय.

माझ्या कामातलं एक सांगून थांबते, कारण ते छापलंत तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पूर आला की ग्रंथालयं, देवस्थानांची दप्तरं, जुने वाडे यांतले कागद भिजतात आणि लोक घाबरून पहिली गोष्ट करतात ती म्हणजे ते उन्हात पसरतात आणि पानं सोडवायला बघतात. असं करू नका. ओला कागद फार कमजोर असतो, हाताने उघडला की फाटतो, आणि उन्हात तो आकसतो, शाई उडते, गुळगुळीत छपाईचा कागद तर सुकताना पान पानाला कायमचं चिकटतं. बुरशी साधारण दोन दिवसांत धरायला लागते, म्हणून वेळ महत्त्वाची. पुस्तकं थोडी असतील आणि फार भिजलेली नसतील तर सावलीत पंख्याच्या वाऱ्यात उभी करून ठेवा, पानांमध्ये अधूनमधून टिपकागद घाला आणि तो बदलत राहा. जास्त असतील तर पुस्तक बंदच ठेवून मेणकागदात गुंडाळून मोठ्या शीतगृहात गोठवा. गोठलं की बुरशी थांबते, वेळ मिळतो, नंतर निर्वात यंत्रात तो बर्फ पाणी न होता सरळ वाफ होऊन जातो आणि पान वाचतं. काचेच्या जुन्या निगेटिव्ह मात्र गोठवू नका. १९६६ मध्ये फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला तेव्हा जगभरातून आलेल्या तरुणांनी चिखलातून पुस्तकं बाहेर काढली, आणि आजचं कागद संवर्धनाचं पुष्कळसं ज्ञान त्या चिखलात उभं राहून मिळवलेलं आहे. ते आपल्यापर्यंत पोहोचायला परत एका पुराची वाट कशाला बघायची? जवळचं शीतगृह कोणतं, किल्ली कोणाकडे, पहिल्यांदा कोणती कपाटं उचलायची, एवढं एका पानावर लिहून पाऊस सुरू व्हायच्या आधी प्रत्येक ग्रंथालयात लावलेलं असावं.

संपादक महोदय, तुम्हाला विनंती अशी की वास्तू पडल्याची बातमी देता तेव्हा तिची शेवटची देखभाल कधी झाली होती, त्यासाठी वर्षाला किती रक्कम मंजूर होती आणि खर्च किती झाली हे प्रश्न तुमच्या बातमीदारांनी विचारावेत. आणि वाचकांनाही कामाला लावा. स्कॉटलंडमध्ये समुद्र किनारा खातोय तिथली जुनी ठिकाणं बघून नोंदी पाठवायचं काम साध्या लोकांनी मोबाईलवरून केलंय, त्यातून कुठे आधी धावायचं हे तज्ज्ञांना कळलं. आपल्याला जे ठिकाण जवळचं वाटतं तिथे दर वर्षी पावसाच्या आधी आणि नंतर, त्याच जागी उभं राहून, तोच कोपरा धरून फोटो काढायचा, शेजारी मोजपट्टी ठेवायची, तारीख लिहायची आणि पुरातत्त्व खात्याला एक प्रत पाठवून एक स्वतःकडे ठेवायची. असे फोटो तुम्ही जोडीने छापलेत, आधीचा आणि नंतरचा, तर खात्यालाही उत्तर द्यावं लागेल.

आपली,
एक वाचक